भिंतीला सांगितलेलं

अरे, तुझे सासरे निदान तुझ्याशी समोरासमोर बोलतात. माझ्या सासऱ्यांना त्यासाठी घुमट लागला!

अप्पा विजापूरचे, गोलघुमटात खेळत वाढलेले. दोन हजार चार साली आमच्याकडे एजवेअरला आले आणि महिनाभर लंडनची प्रत्येक इमारत बघून एकच म्हणाले, "बरी आहे. पण आमचा गोलघुमट!" माझं घर, माझी नोकरी, यांना तर साधं 'बरं' सुद्धा नाही. शेवटी मी हट्टाने त्यांना सेंट पॉल चर्चच्या घुमटातल्या गोल गॅलरीत वर नेलं. वर पोचताच धापा टाकत म्हणाले, "आमचा मोठा आहे."

मी चिडून गॅलरीच्या पार पलीकडच्या टोकाला जाऊन बसलो, भिंतीला डोकं टेकून. तेवढ्यात भिंतीतून अप्पांचा आवाज कुजबुजला, "पोरीने माणूस मात्र लाखात एक शोधला."

मी गोल धावत त्यांच्यापाशी आलो. "अप्पा, मी ऐकलं! इथे भिंतीपाशी कुजबुजलेलं पलीकडे ऐकू जातं!"

अप्पांनी शांतपणे कानटोपी सारखी केली. "जावईबापू, हे तुम्ही विजापूरच्या माणसाला शिकवताय?"