पालकांनी मध्ये बोलायचं नाही

नाही, पण मी म्हणतो, ‘पालकांनी मध्ये बोलायचं नाही’ म्हणजे काय? मुलगी बोलत नाही म्हणून तर आम्ही आलोय, आता पालकांनीही बोलायचं नाही, मग त्या खोलीत बोलायचं कुणी, पंख्यानं?

तुम्हाला सांगतो, आमची टिकली पाच वर्षांची. शब्द चार. ‘पाणी’, ‘नको’, ‘पंखा’ आणि ‘संपलं’. डॉक्टरांनी कागदावर ऑटिझम लिहिलं, आणि त्याच दवाखान्यात एक संशोधन चाललंय... आईबापांना घरी मुलाशी कसं खेळायचं ते शिकवलं तर मूल जास्त बोलतं का, ते बघायचं. त्यात नाव घालायचं तर आधी तपासणी. आज किती बोलते, हाकेला बघते का, ते लिहून ठेवायचं आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. बायको म्हणाली, “मला रजा नाही, तुम्ही जा. आणि हे बघा, तिथे तोंड आवरा.” मी तोंड आवरू? वीस वर्षं खिडकीमागे बसून लोकांचे अर्ज तपासतोय मी, तोंड आवरलं तर नोकरी राहील का?

आणि तिथेच शेण खाल्लं बघा. अर्जातच! रकाना होता, ‘मुलाला घरी कोणत्या नावाने हाक मारता?’ आता नावाचा रकाना दिसला की माझा हात आपोआप चालतो. जन्मदाखल्याप्रमाणे, पूर्ण, खाडाखोड नाही. एका वेलांटीसाठी लोकांना परत पाठवलंय मी! तर तिच्या आत्यानं हौसेनं ठेवलेलं ते सव्वा हात लांब नाव मी टपोऱ्या अक्षरात लिहून मोकळा. जे घरात आजवर कुणी उच्चारलेलं नाही. आत्यानंसुद्धा!

खोलीत एक बुटकं टेबल, दोन बुटक्या खुर्च्या, भिंतीवर कॅमेरा, कोपऱ्यात माझ्यासाठी स्टूल. संशोधक बाई पंचविशीतल्या, पण आवाज असा थंडगार, गाळून घेतल्यासारखा. म्हणाल्या, “मी पाठीमागून हाक मारेन, ती वळून बघते का ते लिहीन. पालकांनी मध्ये बोलायचं नाही.” टिकलीनं खेळण्यातली गाडी उलटी केली आणि चाक फिरवत बसली. बाईंनी हाक मारली, ते सव्वा हात लांब नाव. टिकली ढिम्म! आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला, अरे देवा, हे नाव तर तिनं जन्मात ऐकलेलं नाही! मी खाकरलो. “पालकांनी मध्ये बोलायचं नाही.” दुसरी हाक. ढिम्म. बाईंनी पेन टेकवलं, मी स्टूल सरकवलं. “पालकांनी मध्ये...” हो हो, कळलं! तिसरी हाक, पुन्हा पेन, आणि माझ्या पोरीपुढे शून्य पडताना मी नुसता बघत बसू? तेही माझ्या चुकीचं शून्य?

“अहो बाई, तिला टिकली म्हणतात हो!”

बाईंनी घड्याळ थांबवलं, अर्ज चाळला. “पण इथे तर...”

“ते मीच लिहिलंय.”

“मग असं का लिहिलंत?”

वीस वर्षं हाच प्रश्न मी लोकांना विचारतोय.

भल्या होत्या बिचाऱ्या. पहिलं सगळं खोडलं, बाजूला सही केली आणि नव्या नावानं सुरुवात. मी सावरून बसलो, म्हटलं, आता बघा! “टिकली!” ...चाक फिरतंय. “टिकली!” ...चाक फिरतंय. “टिकली!”

...

खरं सांगतो, दोन वर्षं मी हेच करतोय हो. आधी म्हटलं, कान तपासा. कान ठणठणीत! मग म्हटलं, लाजते. मग म्हटलं, मीही उशिराच बोललो होतो. मला आपलं वाटायचं, कागदात कुठेतरी चूक असणार, सापडली की दुरुस्त करून घेऊ. आणि आज चूक सापडली, दुरुस्त झाली, सहीबिही पडली... आणि पोर तीच. आपली चाक फिरवणारी. तरी माझं तोंड ऐकतंय का? “अहो पण बाई, जरा मोठ्यानं हाक...”

आणि बुटक्या टेबलाकडून, मान न वळवता, त्याच थंडगार, गाळून घेतलेल्या आवाजात, “पालकांनी मध्ये बोलायचं नाही.”

टिकली! चार शब्दांची टिकली! अख्खं वाक्य, एक अक्षर इकडचं तिकडे नाही! मी स्टुलावरून पडायचाच बाकी होतो. म्हटलं, “बाई, याचे मार्क?” बाई म्हणाल्या, “ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं, त्याचा वेगळा रकाना आहे.” “अहो, पण वेळेवर म्हणाली ना! नेमकं मलाच!” तेव्हा कुठे बाई हसल्या. “तेही लिहिते.”

लागलं नाव संशोधनात. मंगळवारी आमची शिकवणी सुरू झाली, आणि पहिला धडा काय? ‘मुलाशी एक शब्द बोला, मग मनात दहापर्यंत मोजा आणि वाट बघा.’ म्हणजे गप्प बसा, पण शास्त्रशुद्ध! बायको डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. आता घरात मी नुसतं ‘अगं, ऐकलंस का’ म्हटलं की कोपऱ्यातून शिक्का पडतोच, “पालकांनी मध्ये बोलायचं नाही!” आणि दरवेळी, कुणाला सांगू नका, मला बरं वाटतं.

पाच वर्षं वाट बघितली, पोरगी एक वाक्य बोलू दे. बोलली. काय बोलली? तर बाबा, गप्प बसा! तुम्हाला हे एवढं सांगतोय ते मायलेकी बाहेर गेल्यात म्हणून... थांबा, जिन्यात पावलं वाजली का? आल्या वाटतं.

संपलं.