शंभूच्या नावाची हाक

(निमोणे. दुपार. शंभू दौंडच्या डॉक्टरकडून आज्याच्या, म्हणजे हरिबा आबांच्या, विसरभोळेपणावरच्या गोळ्या घेऊन आत्ताच आलाय. मित्र विश्वजीत ओट्यावर मोबाईलमध्ये आबांबद्दलची नोंद लिहीत बसलाय.)

विश्वजीत : ...लिहिणारच नव्हतो मी हे. टाईप केलं, पुसलं, परत टाईप केलं. तू शिव्या देशील म्हणून.

शंभू : तुला शिव्या द्यायला कारण लागतं व्हय? वाच.

विश्वजीत : "आज अकरा वाजता हरिबा आबांनी शंभूला हाक मारली."

शंभू : मला? सा म्हैनं झालं, आबाला माझं नाव येत न्हाई. रोज आंघूळ घालतो, तरी इचारतो, तू कुणाचा रं? आन् अकराला मी दौंडात हुतो की.

विश्वजीत : तेच तर. कोकरू सुटलं होतं, ते उचलून मी आत गेलो. आबांनी बघितलं आणि म्हणाले, "शंभ्या, घावला का रं!"

शंभू : आन् तू?

विश्वजीत : ...व्हय म्हणलो.

शंभू : इश्वा, लेका! येवढी येकच हाक, ती बी तू घेतली.

विश्वजीत : चुकलंच माझं. पण आबा वढूच्या माळावरचं सांगत होते. तू पाच वर्षांचा. मेंढरांचा तळ हलवताना हरवलास.

शंभू : आन् कोकरं कोंडायच्या जाळीत झोपल्याला घावलो. आबानं तवा समदा माळ पालथा घातला हुता.

विश्वजीत : डोळे भरले होते रे त्यांचे.

शंभू : मग त्ये ध्यानात हाय, आन् सकाळची आंघूळ न्हाई?

विश्वजीत : मेंदूत आत हिप्पोकॅम्पस म्हणून भाग आहे. नवीन काही घडलं की तिथं नोंद होते. त्याला अॅसिटिलकोलीन लागतं, ते रसायन आबांचं आटत चाललंय. ह्या गोळ्या उरलंसुरलं टिकवतात. शेजारीच अॅमिग्डाला, भीतीची जागा. माणूस लई घाबरला की तिथं नॉरअॅड्रेनलीन नावाचं रसायन सुटतं, मग तेवढं घट्ट बसतं.

शंभू : बारावी नापास डाक्टर!

विश्वजीत : हस तू.

शंभू : म्हंजी हरवलो, म्हणून ऱ्हायलो. जवळ बसलो, त्ये गेलं. कशी मारली रं हाक? मारून दाव.

विश्वजीत : "शंभ्याऽ, घावला का रं!"

शंभू : व्हय. अशीच मारायचा.

विश्वजीत : ऐक. परत कधी त्यांनी मला शंभ्या म्हणलं, तर मी ओ देणार नाही. पळत येईन आणि तुला आत ढकलीन.