व्यसनमुक्त वर्गाचे चाळीस अर्ज

बारामतीच्या स्टँडवर इंदापूर गाडीची वाट पाहणाऱ्या स्वरूपाच्या मागच्या बाकावर कॉलेजची दोन पोरं व्यसनांच्या पाहणीचे अर्ज भरत बसली होती.

"मल्हार, चाळीसच्या चाळीस आपणच भरायचे?"

"मग काय वर्गात इचारत फिरतो, दिग्या? सरांना आपला वर्ग व्यसनमुक्त पायजे. लिही, दारू न्हाय, तंबाखू न्हाय."

"तुझ्या तोंडात काय हाय मग?"

"गुटखा. त्यो कुठं इचारलाय?"

"आता समर्थचा."

"आपल्या खोलीतल्या राजाचा? तसाच भर."

"त्याच्या खाटंखाली खोकल्याच्या औषधाच्या सहा बाटल्या हायत. आन् खोकला तर न्हाय त्याला."

"औषधाला व्यसन म्हणत्यात व्हय? नापास झाल्यापास्नं नुसती नाटकं. बाप अंथुर्ण्याहून डबा पाठवतो, ह्यो उघडत बी न्हाय."

"आठ दिस आंघोळ न्हाय केली. काल म्हणला, आता मला कधीच उठवू नको."

"मग नको उठवू! पाणी तरी वाचंल."

इंदापूरची गाडी फलाटाला लागली. स्वरूपा जागची हलली नाही.

"डॉक्टरांची गरज हाय का, असा रकाना हाय हितं."

"एकाला जरी हाय लिहिलंस, तर सर सगळे परत भरायला लावतील."

"बरं, न्हाय लिहितो. झोप कशी लागते?"

"दिवसभर डोक्यावर चादर घेऊन पडलेला असतो की. लिही, उत्तम."