परत बुडवलेला गोळा

—नाही नाही, उठू नका, पडून राहा दाजी. अरे, मी तरी कुणाला सांगतोय! कान दोन्ही ठार, जबड्याला तारा, हातांची ही गाठोडी. तरी बोलतो आपला, सवय. ताईला मीच पाठवलं खाली, औषधाच्या रांगेत. येईल अर्ध्या तासानं. ती उशाशी बसलेली असली की तुमचं तोंड कसं बिचारं दिसतं, मला नाही बघवत. आणि खरं सांगू? आज पहिल्यांदा तुमच्याजवळ बसून बरं वाटतंय. एरवी नुसतं — हे धरू नकोस, ते ठोकू नकोस. दुकान माझं आणि शहाणपण तुमचं!

तर हा कागद. चारच ओळी आहेत. 'बुडालेल्या लढाऊ जहाजातला तोफगोळा मी मालकांना न सांगता वर आणला, पितळेच्या लोभानं करवतीनं कापायला घेतला, चूक सर्वस्वी माझी.' उद्या चौकशीचे साहेब येतायत, त्यांच्या हातात द्यायचाय. उजव्याचा अंगठा गेलाच, पण डावा चालतो म्हणाला वकील. या गाठोड्यांतून एक तोच बाहेर शिल्लक राहिला, तोही माझ्याच कामाला, बघा! हे शाईचं पॅड घरूनच आणलं. कापायला घेतला होता का तुम्ही? छे! तुम्ही कसले कापताय. पंधरा वर्षं पाण्यात बुड्या मारल्यात, पण डागलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी नळकांड्यांशिवाय कशाला हात नाही लावलात. तुम्ही आणायची, मी घासून त्यांचे दिवे करून विकायचे — छान चाललं होतं की. त्या दिवशी गाळाखाली दिसलं नाही आणि एका नळकांड्यात गोळा तसाच रुतलेला निघाला. समुद्र खवळलेला, लगेच परत सोडता येईना. म्हणून ठेवलात मागच्या ड्रममध्ये, पाण्यात. आणि मला बजावलंत — ओला आहे तोवर झोपलाय, वाळला की जागा होतो, पाण्याबाहेर काढायचा नाही. दहा वेळा बजावलंत. मी काय कुक्कुलं बाळ आहे?

मला ड्रम हवा होता हो! भिंतीला चुना लावायचा होता आणि दुसरा ड्रम गळका. काढला गोळा, ठेवला कट्ट्यावर. तीन दिवस कडक ऊन. चौथ्या दिवशी सकाळी जिन्यात तुमची चप्पल वाजली — माझी तर तंतरली! आता हे चार गिऱ्हाइकांसमोर माझी अक्कल काढणार. मग काय, चुना दिला ओतून, ड्रम भरला, गोळा आत — डुबुक! वरून ओलाचिंब, आतून वाळलेलाच. तुम्ही डोकावलात आणि म्हणालात, "शाबास, राखलास नीट. आज समुद्र शांत आहे, सोडून येतो." शाबास! ताईचं लग्न झाल्यापासून पहिली शाबासकी. तेव्हाच सांगायला हवं होतं का मी? हवं होतं. सांगितलं का? नाही. मिळालेली शाबासकी कोण परत करतं? मी आपला रस्त्यापलीकडे गेलो, चहा प्यायला. हो, चहाच. त्या वेळी मी कधी चहा पितो का? — नाही पीत. तुम्ही गोळा उचललात, ड्रमच्या काठाला लागला असणार. धडाका झाला तेव्हा माझा कप हातातच होता. सांडला नाही. आता तेवढा अंगठा—

आई गं! काय पडलं बाहेर? नर्सचा ट्रे असेल. या बायकांना एक वस्तू धड—

दाजी.

तुम्ही दचकलात.

नाही, दचकलात तुम्ही, माझ्याआधी दचकलात. ऐकू येतंय? मान हलवा. — एका कानानं? कधीपासून, आजच? काल? परवापासून! आणि मी मघापासून... वा, दाजी. पडल्या पडल्या सगळं ऐकून घेतलंत होय? डोळ्यांत पाणी कशाला आणताय आता! घ्या ऐकून. सांगणार कसं? तारा निघायला महिना आहे, बोटं तर उगवणार नाहीत. महिन्यानं तोंड उघडलंत तर ताई म्हणेल, स्फोटानं डोक्यावर परिणाम झाला. मीच म्हणायला लावेन. आणि नाहीच ऐकलं तिनं, तर तुम्ही राहता ती वरची खोली माझी आहे. अशा नवऱ्याला घेऊन कुठे जाईल माझी बहीण?

अंगठा आत ओढू नका. टाके उसवतील. उसवले बघा, सांगितलं होतं. शाईत रक्त मिसळलं जरा, पण उठला ठसा. झाक उठला.

पावलं वाजतायत. ताईची. तुम्हाला नाही येत हं ऐकू. बहिरे आहात तुम्ही, दाजी, बहिरेच राहा. — ये गं ताई, बस. मघापासून बोलतोय यांच्याशी, पण बिचाऱ्यांपर्यंत एक शब्द पोचत नाही.