फळीवरची बाटली

गिओनच्या बसथांब्यावर हिरोताका रांगेत उभा होता. पर्यटकांना संध्याकाळी गल्लीबोळांतून खाऊपिऊ घालत हिंडवताना धरायचा पिवळा झेंडा त्याच्या काखेत गुंडाळलेला होता. पुढे दोन म्हाताऱ्या बोलत होत्या.

"ताझुए, एवढी कशानं तापलीयस गं?"

"काल ह्यांचा स्मृतिदिन. ओमोदाबाईंच्या दारूच्या गुत्त्यात गेले होते."

"तिथं अजून आहे त्यांची बाटली?"

"ह्यांनी विकत घेऊन तिथंच ठेवलेली, नाव लिहून फळीवर आहे ना! सात वर्षं दर स्मृतिदिनाला त्यातला घोटभर शोचू घेते. तळाशी दोन बोटं उरला होता. काल बघते, तर बाटली गळ्यापर्यंत भरलेली!"

"आपोआप?"

"आपोआप कसली! एक झेंडेवाला रोज पाहुण्यांचं लटांबर आणतो. 'हिचा मालक गेला, पण दारू मुरतेय, चाखून बघा,' म्हणाला मेला. सगळी संपवली. बाईंना तोंड दाखवायला जागा नाही, म्हणून त्यांनी गुपचूप नवी ओतली. मी खोदून विचारलं, तेव्हा कबूल केलं."

"चला, भरून तरी ठेवली."

"भरली म्हणूनच तर डोकं फिरलंय! ह्यांनी ओठांना लावलेली होती ती. ही नवी घेऊन मी काय करू?"

"शांत हो. लोक बघतायत."

"बघू देत! अहो, तुम्हीच सांगा, असं करतं का कुणी?"

हिरोताकानं काखेतला झेंडा पाठीमागे नेला.

"नाही हो आजी. असं कुणी करत नाही."

"बघ! वाटेवरच्या परक्या माणसाला कळतं, पण त्या मेल्याला कळलं नाही!"