सर, काही चूक असेल तर कळवा

जबाब

नाव : सुदर्शन महिपती वडके, वय ५१ वर्षे, धंदा : संगणक दुरुस्ती व ऑनलाइन मासिकाचे संपादन, शिक्षण : दहावी, राहणार : कसबा पेठ, पुणे शहर.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर राहून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, पत्नी कल्याणी व मुलगी राजनंदिनी, वय १९, असे तिघे राहतो. मुलगी कालपासून घरी नाही. तिला आम्हीच दुसरीकडे ठेवले आहे.

सन २००८ मध्ये मी व माझा शाळेतला मित्र आनंद, सध्या राहणार मांजरी, अशा दोघांनी ‘जॉयस्टिक कट्टा’ हे व्हिडिओ गेमवरचे मराठी ऑनलाइन मासिक सुरू केले. संगणकाचे शिक्षण मी कोणत्याही संस्थेत घेतलेले नाही. तशी गरज पडली नाही. नंतर आलेली कितीतरी मासिके बंद पडली, आमचे चालू आहे. याचे कारण आमची पद्धत. गेम करणारे लोक आपला अर्धवट गेम आधी मला पाठवतात. मी तो पूर्ण खेळून त्यातल्या चुका लेखी कळवतो. ते दुरुस्त करून परत पाठवतात. समाधान झाल्यावरच मी परीक्षण छापतो. कंदिलाची सावली उलट्या बाजूला पडते म्हणून मी एक गेम चार वेळा परत पाठवला आहे.

जबाब घेणाऱ्या उपनिरीक्षक भाग्यश्री मॅडम म्हणाल्या, “अहो वडके, मासिकाचा इतिहास नको, तक्रार सांगा.” मी म्हणालो, “मॅडम, तक्रार यातच आहे.”

दिवाळीनंतर मला ‘ऋषी’ या नावाने ई-मेल आला. या इसमास मी कधी पाहिलेले नाही. त्याने लिहिले होते, “सर, मी एकटाच गेम करतोय. पेठेतल्या घराचा आहे. आपल्याइतकं बारकाईने कोणी बघत नाही. काही चूक असेल तर कळवा.” गेममध्ये बंदूक नाही, शत्रू नाही. संध्याकाळी कोणाला चाहूल न लागू देता एका घरात शिरायचे, एवढेच.

घर माझे होते. मासिकाला दहा वर्षे झाली तेव्हा मी इमारतीचे व माझ्या टेबलाचे फोटो छापले होते, त्यावरून केले असावे असे वाटले. मला बरे वाटले. मी आनंदला फोनवर सांगितले. तो म्हणाला, “अरे, हे तुझं घर आहे.” मी म्हणालो, “म्हणूनच त्यात चूक नको.”

मी चुका कळवल्या. दार बाहेर नाही, आत उघडते. जिन्याची वरची पायरी लाकडी आहे, मध्ये पाय दिला की वाजते, कडेला दिला तर नाही. गॅलरीचे दार फुगले आहे, वर उचलल्याशिवाय कडी बसत नाही, त्यामुळे बहुधा उघडीच असते. हे सर्व मी स्वतः टाइप करून पाठवले. पुढच्या खेपेस सर्व दुरुस्त होऊन आले. मी त्याला शाबासकी दिली.

परवा तिसरी खेप आली. आता आतली खोली होती. पलंगावर गोधडी पांघरून कोणी झोपले होते. खेळणाऱ्याने पलंगाशी नुसते उभे राहायचे. जितका वेळ उभे राहाल तितके गुण वाढतात. मी चहा घेत खेळत होतो. राजनंदिनी मागून आली आणि म्हणाली, “बाबा, ही माझी गोधडी आहे.”

ही गोधडी कल्याणीने याच थंडीत स्वतःच्या जुन्या साड्यांची शिवली. ती अजून एकदाही धुतलेली नाही, खोलीबाहेर नेलेली नाही, तिचा फोटो नाही. तिचा एक कोपरा कापड कमी पडल्याने जांभळा आहे. गेममध्येही तो जांभळा होता. ती खोली मी त्या इसमास कधीच वर्णन केलेली नव्हती.

सोबत एक ओळ होती : “सर, या खोलीत काही चूक असेल तर कळवा.”

मी दोनदा तपासले. चूक नव्हती.

कल्याणी म्हणाली, “अहो, परक्या माणसाला कडीची खोड लिहून पाठवताना हात कसा थांबला नाही तुमचा?” त्यानंतर ती गॅलरीच्या दाराला पाठ लावून बसली, मुलीला पोहोचवायला निघेपर्यंत उठली नाही.

मी त्या इसमास उत्तर पाठवलेले नाही. आज सकाळी त्याचा पुन्हा ई-मेल आला : “सर, पलंग रिकामा ठेवायचा का?” तिन्ही खेपा व सर्व ई-मेल मी पेन ड्राइव्हवर हजर करत आहे. मुलीला कोठे ठेवले आहे ते मी मॅडमना तोंडी सांगितले आहे. ते लिहू नये.

हा जबाब मला वाचून दाखवला. माझ्या घराच्या वर्णनात दोन ठिकाणी चूक राहिली आहे. कोणती, असे मॅडमनी विचारले. मी सांगितले नाही. त्या चुका तशाच राहू द्याव्यात. बाकी मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

सही/-
सुदर्शन महिपती वडके