समोरचं दार

हॅलो?

हां, बोल दर्शू… येतंय ऐकू, तू बोल… घरीच आहे गं. सुट्टी टाकली… चौतीस. हो, आत्ता, घरात… मोजलं म्हणजे काय, थर्मामीटर लावलाय मी… हस. ठाण्याला एसीत बसून हस तू.

अक्षदा फोन कानाला लावून खिडकीशी गेली आणि तशीच मागे फिरली. खिडकीसमोर बिल्डरने विकायला बांधलेल्या टॉवरची भिंत होती, आणि त्या भिंतीवर ओळीने टांगलेल्या एसीच्या यंत्रांची सगळी गरम फुंकर चौथ्या मजल्यावरच्या या घरात यायची. खाली लादीवर तिची आई शेवंती आणि समोरच्या घरात मुलगा हितेंद्रबरोबर राहणारी नलूकाकू सुकट निवडत बसल्या होत्या. सुकट काकूच्या लेकीसाठी, दर्शनासाठीच होती. रविवारी ती ठाण्याला न्यायला येणार म्हणून काकू दोन दिवस खुशीत होती.

काकू? इथेच आहे, आमच्याकडे. देऊ?… नको?… बरं. मग?

…थांब, आत जाते.

आत म्हणजे ओट्यापाशी. या घरात स्वयंपाकघराला दार नव्हतं, बिल्डरने नुसती कमान ठेवली होती. अक्षदा फ्रिजला टेकून उभी राहिली.

हां, बोल… रविवारी दार बंद ठेवायचं? आमचं?… का पण?… अगं दर्शू, दार बंद करून आम्ही राहायचं कसं? तुला माहितीये ना…

दर्शनाला माहीत असलेलीच गोष्ट अक्षदाने पुन्हा सांगितली, कारण चिडली की ती पहिल्यापासून समजावायची. वारा आत यायला जशी वाट लागते तशी बाहेर जायलाही लागते. तो बंदराकडून यायचा, काकूच्या खिडकीतून आत शिरायचा, काकूचं दार, मधला पॅसेज, यांचं दार असं करत यांच्या खिडकीतून निघून जायचा. दोन्ही दारं उघडी असली की पडदा हलायचा आणि पारा तीन अंशांनी उतरायचा. कुठलंही एक दार लागलं की दोन्ही घरांचा डबा व्हायचा. हे तिने जागा ताब्यात मिळाली त्याच आठवड्यात मोजून पाहिलं होतं. सोसायटीने दारं बंद ठेवा म्हणून दोनदा नोटीस लावली, तेव्हाही तिने सेक्रेटरींना हेच पाऊण तास समजावलं होतं. त्यांनी शेवटी चहा मागवला होता.

कोण म्हणालं चाळीसारखं दिसतं?… एजंट? कुठला एजंट?… चपला बाहेर असतात, मग कुठे ठेवायच्या, डोक्यावर?… अगं पण एजंटचा काय संबंध…

…

काय?

…कोण बघायला येणार आहे?

बाहेर सुपाचा आवाज चालू होता. अक्षदाने आवाज खाली आणला.

हितूदादाने ठरवलं?… बदलापूरला… दोन बेडरूम, हो, गॅलरी, कळलं… आणि काकू?… तिला विचारलंच नाही? म्हणजे रविवारी तू तिला ठाण्याला नेतेयस ते…

दर्शू.

तू नेतेयस ते यासाठी.

लालबागची चाळ पाडून इथेच ही इमारत उभी राहिली, तेव्हा घरं चिठ्ठ्या टाकून वाटली होती. शेवंतीच्या चिठ्ठीत एकविसावा मजला निघाला. कॉटन ग्रीनची, बंदराकडची बाजू, समोर सगळं मोकळं. नलूकाकूला चौथा. चाळीत दोघींच्या खोल्या बोळाच्या दोन अंगांना होत्या, दारासमोर दार. शेवंतीने आठ दिवसांत काकूच्या समोरचं कुटुंब गाठलं आणि घर बदलून घेतलं. ते लोक अजूनही लिफ्टमध्ये भेटले की नको तितकं गोड बोलतात. अक्षदाने तेव्हा आईला वाऱ्याच्या दिशा काढून दाखवल्या होत्या. आई म्हणाली होती, वारा काय, पंखा लावला की येतो. नलू येते का पंख्याने?

नाही, मी ओरडत नाहीये… बरं, ओरडतेय. आई खाली आली ती काकूसाठी आली ना? तुझ्या आईला लिफ्टमध्ये एकटीला भीती वाटते म्हणून… हितूदादाला माहीत नाही? त्यानेच तर आमचं कपाट उतरवलं होतं वरून… हो, त्याच्या अडचणी असतील. असतीलच. पण तुम्ही घर विकणार, आणि आम्ही दार लावून गप्प बसायचं, म्हणजे गिऱ्हाईकाला बरं वाटेल…

सुपाचा आवाज थांबला होता. हे अक्षदाच्या उशिरा लक्षात आलं. वळून पाहिलं तर कमानीत नलूकाकू उभी होती, हाताला सुकटीचा चुरा लागलेला. तिच्या मागे शेवंती लादीवर तशीच बसून होती, सुपाकडे बघत.

"माका दी," काकू म्हणाली.

अक्षदाने फोन दिला.

"दर्शना, जेवलंस?… बरा. सुकट निवडून ठेवलीसा, कोणाकडसून पाठवतय. आयतवारी मी येऊचंय नाय." तिने चुऱ्याचा हात पदराला पुसला. "रडा नको गो. तुझो भाऊस आसा ना घरात, त्याकाच इचारतय."

तिने फोन परत दिला. शेवंतीजवळून जाताना तिच्या खांद्याला हात टेकला आणि पॅसेज ओलांडून आपल्या घरात गेली. आत हितेंद्र रात्रपाळी करून झोपला होता.

मग समोरचं दार लागलं. इथे राहायला आल्यापासून दिवसाढवळ्या पहिल्यांदा.

हॅलो… हां, मीच आहे… नाही, काही बोलली नाही. घरी गेली… अगं, मी मुद्दाम नाही केलं… काय करतेय ते दिसत नाही ना मला.

खिडकीवरचा पडदा गजांबाहेर फुगलेला होता तो हळूहळू आत आला आणि सरळ लोंबत राहिला.

दिसत नाही दर्शू. काकूने दार लावून घेतलंय.

ठेवते.